'वाट' या चौकोनातील नाव : पेरणाऱ्याचा दाखला शिकवताना घडलेले एक प्रकरण

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील एका पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक धर्मग्रामात, मराठी बोलणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी दर रविवारी मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) संपल्यावर तासभर धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो, आणि त्यातील अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिकवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. गोव्यातील कॅथलिक उपासनेची भाषा मुख्यतः कोंकणी आहे. आमची कुटुंबे मात्र आजरा, गडहिंग्लज, सावंतवाडी, नगर अशा भागांतून नोकरीधंद्यासाठी येथे आलेली आहेत. मुले शेजाऱ्यांशी कोंकणीत बोलतात, शाळेत इंग्रजीत शिकतात, पण निजताना आईबरोबर म्हणायची प्रार्थना मराठीतच म्हणतात, म्हणून हा वर्ग मराठीत ठेवलेला आहे.

ज्या प्रकरणाची ही नोंद आहे ते जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. मुलांची नावे मी दिलेली नाहीत. चूक शिकवणाऱ्याची, म्हणजे माझी होती, आणि ती पवित्र शास्त्रातील दाखले, म्हणजे बोधकथा, वापरून श्रद्धा व आचरण शिकवणाऱ्या कोणाच्याही हातून सहज होण्यासारखी आहे, असे वाटल्यामुळे ती सविस्तर लिहीत आहे.

प्रसंग

१६ जुलै २०२३ हा चर्चच्या उपासना-वर्षातील 'सामान्य काळा'चा १५ वा रविवार होता आणि त्या दिवशीचे शुभवर्तमान मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील पेरणाऱ्याच्या दाखल्याचे होते. पेरणारा पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडते आणि पाखरे ते खाऊन टाकतात. काही खडकाळ जागी पडते, माती थोडी असल्यामुळे लगेच उगवते आणि ऊन चढल्यावर करपते. काही काटेरी झुडपांत पडते आणि झुडपे त्याला दडपून टाकतात. काही चांगल्या जमिनीत पडते आणि कोठे शंभरपट, कोठे साठपट, कोठे तीसपट पीक देते. या दाखल्याचे वैशिष्ट्य असे की त्याचे स्पष्टीकरण येशू स्वतः त्याच अध्यायात देतो. वाटेवर पडलेले बी म्हणजे वचन ऐकूनही ज्याला ते समजत नाही तो, आणि दुष्ट येऊन त्याच्या अंतःकरणात पेरलेले हिरावून नेतो. शिक्षकाला असा दाखला सोपा वाटतो, कारण अर्थ शोधण्याचे कष्ट नाहीत; तो हातात दिलेलाच आहे.

मी मोठ्या कार्डशीटवर चार चौकोन आखले आणि त्यांत वाट, खडक, काटे आणि चांगली जमीन यांची रंगीत चित्रे काढली. दाखला वाचून झाल्यावर प्रत्येक मुलाला स्वतःचे नाव लिहिलेली चिठ्ठी दिली आणि म्हटले, "प्रामाणिकपणे विचार करा, तुम्ही कोणती जमीन आहात? तिथे आपलं नाव चिकटवा." त्या दिवशी वर्गात चौदा मुले होती. आठ जणांनी चांगल्या जमिनीवर नावे चिकटवली. तिघांनी काट्यांचा चौकोन निवडला आणि मोबाईल हाच आपला काटा असल्याचे हसत सांगितले. दोघांनी खडक निवडला. सातवीतील एक मुलगी शेवटी उठली आणि तिने आपली चिठ्ठी 'वाट' या चौकोनात लावली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "हिला पाखरं खाणार." वर्ग हसला. मी त्याला गप्प केले, मुलीच्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले आणि पुढे गेलो. त्या कौतुकाने तिची निवड खरी असल्याचा शिक्का मीच मारला, हे मला त्या वेळी जाणवले नाही.

२३ जुलैला ती आली नाही, ३० जुलैलाही नाही. मिस्सालाही ती आईबरोबर दिसली नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सिस्टरना बरोबर घेऊन मी तिच्या घरी गेलो. मुलगी आतल्या खोलीत होती आणि आईशी आमचे बोलणे तिला ऐकू येत असणार. आई म्हणाली, "सर, ती म्हणते माझ्यात काही रुजतच नाही. रात्री पाठ केलेलं सकाळी सगळं गेलेलं असतं. मला विचारत होती, पाखरं म्हणजे सैतान ना, मग तो माझ्याकडेच का येतो?"

या मुलीला वाचायला वेळ लागतो, हे मला माहीत होते. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना, तिला अजून सलग म्हणता येत नव्हता, आणि दृढीकरण या संस्काराच्या तयारीत प्रार्थनांची तोंडी परीक्षा होते तेव्हा ती मधेच थांबते, हेही मी पाहिले होते. 'ऐकतो पण समजत नाही' हे शब्द तिने ऐकले तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काय आले असेल, याचा विचार मात्र मी चित्र रंगवताना केलेला नव्हता.

चूक नेमकी कोठे होती

प्रथम मी स्वतःचे समर्थन करून पाहिले. चार जमिनी म्हणजे चार प्रकारचे ऐकणारे, हा अर्थ माझ्या पदरचा नव्हता. तो शास्त्रातच होता. सिस्टरनी मला एवढेच सांगितले की मजकूर पुन्हा सावकाश वाचा. वाचल्यावर तीन-चार गोष्टी हाती लागल्या. त्यांतील एक मला फार महत्त्वाची वाटते.

मत्तयाच्या स्पष्टीकरणात माणूस म्हणजे जमीन, असे सरळ समीकरण मुळी नाही. बी म्हणजे वचन, असे समजून आपण वाचत जातो, आणि पुढच्याच ओळीत खडकाळ जागी 'पेरलेला' तो अमुक, काट्यांत 'पेरलेला' तो अमुक, अशी भाषा येते. म्हणजे माणूस कधी जमिनीच्या जागी दिसतो, तर कधी बियाच्या. हा लेखकाचा गोंधळ असे मला वाटत नाही. ऐकणे ही घडत जाणारी गोष्ट आहे. ती जमिनीत आणि बियात मिळून घडते, आणि म्हणून प्रतिमा थोडी सैल ठेवलेली आहे. मी मात्र तिला चार काळ्या रेघांच्या चौकटींत बसवले. मूळ मजकुरापेक्षा माझा तक्ता अधिक रेखीव होता, आणि नेमके त्या रेखीवपणानेच मुलीला दुखावले. वचन ऐकताना काय काय घडू शकते, हे सांगणारा दाखला मी मुलांच्या स्वभावाची वर्गवारी करण्यासाठी वापरला.

मराठीत दृष्टांताची फार जुनी शिस्त आहे, आणि तिची आठवण मला या निमित्ताने झाली. तेराव्या शतकातील चक्रधरस्वामींच्या निरूपणाच्या महानुभाव परंपरेत आधी सूत्र, मग दृष्टांत आणि मग दार्ष्टांतिक अशी मांडणी असते. दृष्टांत म्हणजे सांगितलेली गोष्ट, आणि दार्ष्टांतिक म्हणजे ती गोष्ट ज्याला लावायची तो विषय. ही दोन पदे वेगळी ठेवल्यामुळे गोष्टीतील कोणता अंश लागू करायचा आणि कोणता गोष्टीतच राहू द्यायचा, हे सांगणाऱ्याला ठरवावे लागते. माझ्या वर्गात दार्ष्टांतिक ठरवण्याचे काम मी मुलांवरच सोपवले, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

'सगळ्यांच्या देखत' या मुद्द्यावर थोडे थांबतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीद राजाला एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरे असतात, पण पाहुणा आल्यावर तो शेजारच्या गरिबाची एकुलती एक कोकरी घेतो आणि तिचे मांस रांधतो. राजा संतापतो, त्या माणसाला मरणदंड योग्य असल्याचे बोलून जातो, आणि तेव्हा नाथान म्हणतो की तो माणूस तूच आहेस. दाखल्याने आचरण सुधारण्याचे याहून प्रभावी उदाहरण मला ठाऊक नाही. पण नाथान ज्याच्याशी बोलत होता तो सत्ताधीश होता, त्याने दुसऱ्याची पत्नी घेतली होती आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मारवले होते. बोट त्याच्याकडे दाखवण्यासाठी संदेष्ट्याला धैर्य लागले. बारा-तेरा वर्षांच्या मुलीकडे बोट दाखवायला काहीच धैर्य लागत नाही, आणि मी तर ते बोट तिचेच तिला दाखवायला लावले. तोच आकृतिबंध बलवानापुढे ठेवला तर न्याय होतो आणि दुबळ्यापुढे ठेवला तर घाव बसतो, एवढे भान शिकवणाऱ्याने ठेवायला हवे होते.

आणखी एक उणीव अशी की मी त्या रविवारचे पहिले वाचन वर्गात घेतलेच नव्हते. ते यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायातील आहे. पाऊस आणि हिम आकाशातून उतरतात आणि भूमी भिजवून तिला फलद्रूप केल्यावाचून परत जात नाहीत. पेरणाऱ्याला बी आणि खाणाऱ्याला भाकर देतात. तसेच देवाच्या मुखातून निघालेले वचन रिकामे परत येत नाही. उपासनेचा क्रम लावणाऱ्यांनी ही दोन वाचने एकाच दिवशी ठेवली आहेत. एकात जमीन कशी आहे हे सांगितले आहे आणि दुसऱ्यात जमिनीवर वरून काय येते हे सांगितले आहे. वेळ पुरत नाही म्हणून मी पाऊस गाळला आणि नुसती जमीन शिकवली. तीही जुलैच्या मध्यावर, गोव्यात, बाहेर धो धो पाऊस पडत असताना.

दुरुस्तीची सुरुवात

६ ऑगस्टच्या वर्गात मी तक्ता भिंतीवरून काढला आणि मुलांना सांगितले की नावे चिकटवायला लावणे ही माझी चूक होती; कोण कोणती जमीन आहे हे ठरवायचा अधिकार येशूने आपल्याला दिलेला नाही, आणि स्वतःबद्दलही तो निवाडा एका चिठ्ठीवर करायचा नसतो. ती मुलगी त्या दिवशीही आलेली नव्हती. ती असताना हे बोललो असतो तर सगळ्या नजरा तिच्याकडे वळल्या असत्या, म्हणून ती नसतानाच बोलावे, हा सल्ला सिस्टरांचा होता आणि तो योग्य ठरला.

तिच्या घरी आम्ही समजावण्याचा प्रयत्न केलाच नव्हता. पुढच्या रविवारी सगळे मिळून खाजन पाहायला जाणार आहोत, तू येशील का, एवढेच सिस्टरनी तिला जाताना विचारले होते. ती काही बोलली नाही, पण १३ तारखेला छत्री घेऊन आली.

खाजन म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. भरतीचे खारे पाणी जेथे पूर्वी शिरत असे, अशा नदीकाठच्या सखल जमिनीला बांध घालून गोव्यातील गावकऱ्यांनी शतकानुशतके भातशेती केली आहे. माती, पेंढा आणि जांभा दगड यांचा हा बांध नदी आणि शेत यांच्यामध्ये उभा असतो, आणि त्यात ठरावीक जागी 'मानस' नावाचे दार बसवलेले असते. भरती आली की पाण्याच्या दाबाने त्याची फळी आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतले साचलेले पाणी तिला ढकलून बाहेर जाते. बांध फुटला किंवा मानस बिघडले तर खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन खारावते. मग त्या वर्षी भात होत नाही. पण गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. बांध दुरुस्त केला की हे गोडे पाणी शेतात उभे राहते, मातीतले मीठ विरघळवते आणि ओहोटीच्या वेळी मानसातून ते मीठ घेऊन नदीत जाते. चांगल्या खाजनातसुद्धा शेतकरी आधी पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाण्याची वाट पाहतो आणि मग मोड आणलेले बी फोकतो. कोरगूट हे येथले जुने भात तर थोडा खारेपणा सोसूनच वाढणारे आहे.

आम्हाला शेत दाखवणारे गृहस्थ सत्तरीचे होते आणि मुलांनी त्यांना लगेच अंकल म्हणायला सुरुवात केली. आम्ही कोणत्या कामाने आलो आहोत, हे मी त्यांना सांगितले नव्हते. त्यांनी आधी मानस दाखवले, मग दोन तुकडे दाखवले. एकात भात गुडघ्यापर्यंत आले होते. त्याला लागूनच असलेल्या दुसऱ्या तुकड्यात आडवेतिडवे रानगवत होते आणि मधेमधे उघडी, काळपट चिकट माती दिसत होती. बांधाला भगदाड पडून तेथे खारे पाणी शिरले होते. ही जमीन मेली का, असे एका मुलाने विचारले. अंकल म्हणाले, "जमीन मरना रे बाबा, ती पावसाची वाट पळयता," म्हणजे वाट पाहते. ते पुढे सांगू लागले की भगदाड बुजवले आहे, हा पाऊस आणि कदाचित पुढचा पाऊस गेला की येथेही पेरता येईल, आणि भगदाड पडले तो दोष जमिनीचा नव्हे, बांधाची निगा ज्यांनी राखायची त्यांचा.

मी तेथे एकही धर्मवचन उच्चारले नाही. परत फिरताना आम्ही एकामागे एक बांधावरून चालत होतो, तेव्हा ती मुलगी थांबली आणि पायाखाली पाहत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, वाट अशीच कडक नसते ना? सगळे तिच्यावरून चालतात म्हणून ती कडक होते."

त्या दाखल्यावर आजवर मी जे काही वाचले आणि ऐकले होते, त्यातील कशानेही मला इतके थांबवले नव्हते. दाखल्यातील वाट ही शेतातूनच जाणारी वाट आहे. माती तीच असते, फक्त ती तुडवली गेलेली असते. जुन्या पॅलेस्टाईनमध्ये आधी बी फोकायचे आणि मग नांगराने मातीत मिसळायचे अशी पद्धत होती, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे, आणि ते मान्य केले तर वाटेवर पडलेले बी हा पेरणाऱ्याचा निष्काळजीपणा ठरत नाही; ती वाटही नांगरली जाणारच होती. 'आपली पडीक जमीन नांगरा आणि काट्यांत पेरू नका' अशा आशयाचे आवाहन यिर्मयाच्या चौथ्या अध्यायात आहे. म्हणजे जमीन बदलते, हे शास्त्रालाही ठाऊक आहे. मला ते तेराव्या अध्यायाबाहेर शोधावे लागले, आणि मुलीला पायाखाली दिसले.

नव्या उपमेची मर्यादा

तेवढ्यात दुसरी गोष्ट घडली. 'हिला पाखरं खाणार' म्हणणारा मुलगा तिच्या मागेच चालत होता. तो म्हणाला, "पण सर, ही वाट कडक नसती तर शेत राहिलंच नसतं. हाच तर बांध आहे." मुलांना ही कल्पना इतकी आवडली की परतीच्या बसमध्ये सगळे तेच बोलत होते, आणि मुलीच्या चेहऱ्यावर मी चार आठवड्यांनी हसू पाहिले. ते तसेच राहू द्यावे असा मोह मला झाला. या दाखल्याचा खरा अर्थ हाच, असे म्हणून टाकले असते तर सगळ्यांना बरे वाटले असते.

पण तो दाखल्याचा अर्थ नव्हे. येशूने गालिलात सांगितलेल्या गोष्टीतील वाट खाऱ्या पाण्यापासून शेत राखत नव्हती. तेथे खाजन नव्हते. गालिलातला शेतकरी गहू आणि जव पेरत असे, शरद ऋतूतील पहिल्या पावसावर पेरत असे आणि वसंतात कापणी करत असे. आपल्याकडचे भात पाण्यात उभे असते. २० ऑगस्टच्या वर्गात मी मुलांना हा फरक स्पष्ट सांगितला. दाखला काय म्हणतो हे एका बाजूला लिहिले, आणि खाजनात आपल्याला काय दिसले हे दुसऱ्या बाजूला लिहिले. दुसरी बाजू खोटी नाही, ती आपल्या गावच्या जमिनीने दिलेली आहे, पण ती येशूच्या तोंडी घालायची नाही, असे बजावले. मुलांना हे समजले. मुलांना असे भेद समजत नाहीत, असे मानून मोठी माणसेच अनेकदा घाई करतात.

या संदर्भात गोव्याचाच एक जुना वारसा मला मार्गदर्शक वाटतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट संघाचे धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले, आणि त्यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. गोव्याच्या साष्टी तालुक्यातील नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांच्या जुन्या पुराणांच्या जागी ऐकायला आणि वाचायला काही हवे होते, आणि स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा त्यांच्या कानाला परिचित असलेल्या छंदात सांगितली. ऐकणाऱ्याचा छंद, त्याची शब्दसंपत्ती आणि त्याची ऐकण्याची रीत त्यांनी आपलीशी केली. घटना मात्र यरुशलेम आणि गालिल येथेच राहिल्या. प्रतिमा ऐकणाऱ्याच्या अंगणात आणून उभी करावी, पण तिचे मूळ गाव पुसू नये, ही वाट मला त्यांच्या कामात दिसते.

म्हणून मी आता येशूच्या शिकवणीतील द्राक्षवेलीच्या जागी आंब्याचे झाड घालत नाही. आमच्या मुलांपैकी काहींचे नातेवाईक तासगाव भागात आहेत, त्यांना द्राक्षाची छाटणी माहीत आहे. ती मुले इतरांना सांगतात. खडकाळ जमिनीसाठी मात्र मी सड्याचा, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठाराचा, उपयोग करतो, कारण तेथे साम्य अगदी नेमके बसते. जांभ्याच्या सड्यावर बोटभर माती असते, जूनमध्ये तो सगळ्यात आधी हिरवा होतो आणि पाऊस सरल्यावर सगळ्यात आधी पिवळा पडतो. गालिलातील चुनखडीवरच्या पातळ मातीत येशूच्या श्रोत्यांनी हेच पाहिलेले असणार.

आचरणाचा प्रश्न

श्रद्धेचा भाग असा उलगडला, पण ज्या मुलाच्या बोलण्याला वर्ग हसला त्याच्या आणि हसणाऱ्यांच्या आचरणाचे काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याच्याकडून सर्वांसमोर क्षमा मागवून घेणे सोपे होते. पण मी जे मुलीच्या बाबतीत केले तेच मग त्याच्या बाबतीत झाले असते. त्याऐवजी वर्गात मी मुलीचेच वाक्य, ते कोणाचे हे न सांगता, फळ्यावर लिहिले: सगळे चालतात म्हणून वाट कडक होते. आणि विचारले की आपल्या चालण्याने कोणाची जमीन तुडवली जात असेल, हे प्रत्येकाने मनात आठवावे. बोलायचे नाही, लिहायचे नाही, चिठ्ठी नाही. दोन मिनिटे वर्ग शांत होता. मीही त्या दोन मिनिटांत उभा राहून तेच आठवत होतो, आणि मला दूर जावे लागले नाही.

त्या मुलाने पुढे काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दोन-तीन रविवारनंतर तो त्या मुलीशेजारी बसून तिला वाचन शोधून देताना दिसला. त्याचे कारण तोच जाणे. एवढ्यावरून दाखल्याने त्याला बदलले, असे लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता एखादा दाखला वर्गात नेण्यापूर्वी मी त्याचे दार्ष्टांतिक एका वाक्यात वहीत लिहून पाहतो, आणि ते वाक्य एखाद्या विशिष्ट मुलाकडे बोट दाखवते का, हे वर्गातील सर्वांत दुबळ्या मुलाला डोळ्यांपुढे आणून तपासतो. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्याच्या वेळी याचा उपयोग झाला. सकाळपासून राबलेल्याला एक दिनार आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही एक दिनार, हे ऐकून ज्याचे वडील रोज सकाळी कामासाठी नाक्यावर उभे राहतात तो मुलगा म्हणाला की मालक चुकला. पूर्वी मी त्याला मत्सरी मजुरांच्या रांगेत बसवले असते. या वेळी मी त्यालाच विचारले की जो संध्याकाळपर्यंत नाक्यावर उभा राहिला आणि ज्याला कोणी नेलेच नाही, त्याच्या घरी रात्री काय होते. हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. त्यानंतर देवाच्या उदारपणाबद्दल मला फार बोलावे लागले नाही.

त्यानंतर

ती मुलगी ऑगस्टपासून नियमित येऊ लागली. पाठांतर तिला आजही कठीणच जाते आणि त्यात चमत्कार झालेला नाही. फादरांच्या संमतीने आम्ही तिची तयारी वेगळ्या रीतीने घेतली: मतांगीकारातील एकेक ओळ तिने स्वतःच्या शब्दांत सांगायची, आणि ज्या घटनेवर ती ओळ उभी आहे ती घटना सांगायची. त्या वर्षी ताळगावात २१ ऑगस्टला कणसांचे फेस्त, म्हणजे नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देण्याचा सण, झाले, तेव्हा ती आईबरोबर तेथे गेली होती आणि आशीर्वादित कणसे घरी घेऊन आली होती. ती कणसे वेदीपाशी लावल्याचे आईने सांगितले. जुना तक्ता मी फाडला नाही. तो कपाटात उलटा ठेवलेला आहे, चिठ्ठ्या काढलेल्या, डिंकाचे डाग तसेच.

मार्च २०२५ मध्ये ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळातील तिसऱ्या रविवारी लूकच्या तेराव्या अध्यायातील निष्फळ अंजिराच्या झाडाचा दाखला वाचला गेला. तीन वर्षे फळ न देणारे झाड मालक तोडायला सांगतो, आणि माळी म्हणतो की हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो आणि खत घालतो. त्या दिवशी ती लहान मुलांच्या गटात सिस्टरना मदत करत होती. तिने तो दाखला न वाचता तोंडी सांगितला, सावकाश, मधे थांबत, पण पूर्ण. सांगून झाल्यावर पुढच्या रांगेतील एका लहान मुलाने विचारले, "मग त्या झाडाला फळं लागली का?"

ती म्हणाली, "ते लिहिलेलं नाही. माळी खणणार आहे आणि खत घालणार आहे, एवढंच लिहिलंय."